व्हॉल्व्हचा गिटार अ‍ॅम्प्लिफायर घरी जरूर करा, पण रेडिओच्या जिवंत चासीवर नको

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भंगारातून व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांचा, जुना रेडिओ आणायचा, त्याच्या व्हॉल्यूम कंट्रोलवर गिटारची वायर जोडायची आणि अ‍ॅम्प्लिफायर झाला म्हणायचे, असा नाद आपल्या कोल्हापुरातल्या गिटार वाजवणाऱ्या मुलांना लागलेला दिसतो. नाद चांगला आहे. जास्त सिग्नल आला तरी व्हॉल्व्हचा आवाज एकदम फाटत नाही, हळूहळू दबत जातो, आणि तारेवर बोट किती जोराने पडले ते त्यात ऐकू येते. तयार अ‍ॅम्प्लिफायर महाग, तेव्हा हाताने करावासा वाटणे साहजिकच. पण त्या जुन्या रेडिओंपैकी काही सेट असे आहेत की त्यांना गिटार जोडली म्हणजे गिटारच्या तारा घरातल्या फेजला जोडल्यासारखेच झाले. आम्ही दुरुस्ती आणि वाइंडिंगच्या कामातली माणसे आहोत. पत्र लांबले आहे, तरी पूर्ण छापावे ही विनंती. ‘करू नका’ एवढे ऐकून कोणी थांबत नाही. त्याऐवजी काय करायचे ते आकड्यांसह सांगावे लागते.

आधी धोका. त्या काळी रेडिओ दोन जातींचे निघत. एकात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर असे. दुसरी जात ‘एसी/डीसी’ सेटची. त्यात ट्रान्सफॉर्मरच नाही. सगळ्या व्हॉल्व्हचे हीटर, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारा, एकामागे एक जोडून थेट मेन्सवर टाकलेले आणि मेन्सची एक वायर सरळ चासीला, म्हणजे सगळे भाग ज्यावर बसवतात त्या धातूच्या पत्र्याला. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी चासी फेजवर. रेडिओत हे खपून जाई, कारण बाहेर लाकडी खोके, बॅकेलाइटची बटणे आणि पाठीमागे पुठ्ठा. धातूला हात लागायचाच नाही. गिटारचे तसे नाही. गिटारच्या तारा ब्रिजमधून जॅकच्या अर्थला, तिथून वायरच्या जाळीला आणि जाळीतून चासीला जोडलेल्या असतात. म्हणजे वाजवणाऱ्याचे दोन्ही हात चासीवरच असतात. जुलै-ऑगस्टात आपल्याकडे फरशीला ओल सुटते, त्या दिवसांत अनवाणी उभे राहून असा सेट वाजवणे जिवावरचे आहे.

सेट कोणत्या जातीचा ते व्हॉल्व्हच्या नावाच्या पहिल्या अक्षराने बरेचसे कळते. ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर. ‘यू’ म्हणजे १०० मिलिअ‍ॅम्पिअरचा, साखळीत जोडण्यासाठी केलेला. यूसीएल८२, यूसीएच८१, यूबीएफ८९, यूवाय८५ ही नावे दिसली की सेट एसी/डीसी समजावा. ‘पी’ म्हणजे ३०० मिलिअ‍ॅम्पिअरचा, जुन्या टीव्हीतला. पण नुसत्या नावावर विसंबू नये. काही स्वस्त सेटांमध्ये ‘ई’चे व्हॉल्व्ह असूनही ऑटो-ट्रान्सफॉर्मर, म्हणजे एकाच गुंडाळीचा ट्रान्सफॉर्मर, घातलेला असे आणि त्याची एक बाजू चासीलाच जोडलेली. खात्री मीटरनेच होते. प्लग भिंतीतून पूर्ण काढा, रेडिओचे बटण चालू स्थितीत ठेवा आणि प्लगची प्रत्येक पिन ते चासी असा रोध मोजा. शून्य किंवा काही शे ओहम दिसले, तर तो सेट गिटारसाठी बाद.

यावर दोन उपाय सुचवले जातात आणि दोन्ही चुकीचे आहेत. पहिला, गिटार आणि चासी यांच्यामध्ये कंडेन्सर घालणे. ०.०४७ मायक्रोफॅरडचा चांगला कंडेन्सरसुद्धा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर साधारण ३.४ मिलिअ‍ॅम्पिअर जाऊ देतो. बोटांना झिणझिण्या येतील एवढा. तो शॉर्ट झाला की अडवणारे काहीच उरत नाही. दुसरा उपाय घरातल्या स्टॅबिलायझरचा. स्टॅबिलायझर हा बहुधा ऑटो-ट्रान्सफॉर्मर असतो. तो व्होल्टेज कमी-जास्त करतो, मेन्सपासून वेगळे करत नाही. असा सेट वापरायचाच असेल, तर २३० ते २३० व्होल्टचा, दोन पूर्ण वेगळ्या गुंडाळ्या असलेला १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर मध्ये घालून चासी अर्थ करणे, हा एकच मार्ग. एवढा ट्रान्सफॉर्मर करून घ्यायचाच, तर त्याच खर्चात नवा अ‍ॅम्प्लिफायर का करू नये?

दोन व्हॉल्व्ह पुरतात: एक ईसीसी८३ आणि एक ईएल८४. पहिला आवाज दोन पायऱ्यांत वाढवतो, दुसरा स्पीकर हलवतो. साडेचार-पाच वॅट मिळतात आणि घराला ते पुष्कळ आहेत. हे दोन्ही व्हॉल्व्ह आजही परदेशात नव्याने तयार होतात. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने १९६१ पासून रेडिओचे व्हॉल्व्ह काढले, त्यातला जुना माल अजूनही पुण्याच्या बुधवार पेठेत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर विचारत फिरले तर हाती लागू शकतो. जुना व्हॉल्व्ह घेताना काचेच्या शेंड्याकडे पाहावे. तिथला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. फुकट मिळाला तरी घेऊ नये.

खर्चाचा मोठा भाग दोन ट्रान्सफॉर्मर आणि स्पीकरचा. नेमके तेच काम कोल्हापुरात होऊ शकते. शिवाजी उद्यमनगरात मोटरी भरणारे कारागीर आहेत, पत्रा वाकवणारे आहेत, व्हार्निशच्या टाक्या आणि भट्ट्या आहेत. अडचण एवढीच की त्यांना गिटारचा ट्रान्सफॉर्मर म्हणजे काय हे माहीत नसते आणि मुलांना काय मागायचे ते सांगता येत नाही. म्हणून पुढचे आकडे कागदावर उतरवून सोबत न्यावेत.

मेन्स ट्रान्सफॉर्मर: प्रायमरी, म्हणजे मेन्सकडची गुंडाळी, २३० व्होल्ट. एक सेकंडरी, म्हणजे पलीकडची गुंडाळी, २१० व्होल्ट, १२० मिलिअ‍ॅम्पिअर. दुसरी ६.३ व्होल्ट, २ अ‍ॅम्पिअर, मध्यभागी टॅप. मधला पाय ३२ मिलिमीटर आणि थर ३८ मिलिमीटर असलेले स्टॅम्पिंग, म्हणजे गाभ्याचे लोखंडी पत्रे, घेतले, तर क्षेत्रफळ सुमारे १२ चौरस सेंटिमीटर होते. ४५ ते ४८ ला क्षेत्रफळाने भागले की एका व्होल्टला किती वेढे ते कळते. इथे चार धरावेत. प्रायमरी ९२० वेढे, २८ गेज. २१० व्होल्टसाठी, लोडवरची घट धरून, ८८० वेढे, ३२ गेज. हीटरसाठी २६ वेढे, २० गेज, तेराव्या वेढ्यावर टॅप. तांबे वाचवायला वेढे कमी करू देऊ नका. वेढे कमी पडले की गाभा संपृक्त होतो, ट्रान्सफॉर्मर तापतो, गुरगुरतो आणि बाहेर सांडलेले चुंबकत्व थेट स्पीकरमध्ये गुणगुण म्हणून येते. प्रायमरी आणि सेकंडरी यांच्यामध्ये लेदरॉइड कागदाचे निदान तीन थर हवेत, आणि ते बॉबिनच्या कडांपर्यंत. कडेला वरच्या थराची तार खाली घसरून प्रायमरीला टेकणे हा नेहमीचा दोष आहे. काम झाल्यावर व्हार्निशमध्ये बुडवून भट्टीत वाळवणे आपल्या पावसाच्या गावात ऐच्छिक नाही. मोटरवाल्याकडे मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासण्याचा मीटर, असतोच. ५०० व्होल्टवर प्रायमरी ते दोन्ही सेकंडरी आणि प्रायमरी ते गाभा असे त्याच्यासमोरच तपासून घ्यावे. काटा अनंताला टेकल्याशिवाय ट्रान्सफॉर्मर घरी आणू नये.

आता आऊटपुट ट्रान्सफॉर्मर. सगळ्यात जास्त चुका इथे होतात. ईएल८४ ला सुमारे ५२०० ओहमचा भार लागतो आणि स्पीकर ८ ओहमचा. वेढ्यांचे प्रमाण म्हणजे या भागाकाराचे वर्गमूळ, अर्थात साधारण साडेपंचवीसास एक. मधला पाय २५ मिलिमीटर, थर ३२ मिलिमीटर. प्रायमरी २५०० वेढे, ३६ गेज. सेकंडरी ९८ वेढे, २२ गेज. स्पीकर ४ ओहमचा असेल तर सेकंडरी ६९ वेढे. प्रायमरी एकसलग गुंडाळू नये. आधी १२५० वेढे, त्यावर सगळी सेकंडरी, त्यावर उरलेले १२५० वेढे त्याच दिशेने. असे केले नाही तर वरचे स्वर दबतात.

स्टॅम्पिंग कसे भरायचे ते कारागिराला दोनदा सांगा. मेन्स ट्रान्सफॉर्मरमध्ये ‘ई’ आणि ‘आय’ आलटून-पालटून भरतात. इथे तसे करायचे नाही. सगळे ‘ई’ एका बाजूने, सगळे ‘आय’ दुसऱ्या बाजूने, आणि मध्ये झेरॉक्सच्या कागदाचा एक थर. हा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो आणि तेवढीच फट हवी. कारण एकाच ईएल८४ चा चाळीसेक मिलिअ‍ॅम्पिअरचा एकदिश प्रवाह प्रायमरीतून अखंड जात असतो. फट नसेल तर त्या प्रवाहानेच गाभा भरून जातो, सहाव्या तारेचा ८२ हर्ट्झचा खर्ज पोकळ आणि फाटका येतो, आणि माणूस उगाच व्हॉल्व्ह बदलत बसतो. हात सवयीने आलटून-पालटूनच भरतो, म्हणून समोर उभे राहावे.

जुन्या रेडिओतला ईएल८४ चा आऊटपुट ट्रान्सफॉर्मर चांगला असेल तर तो चालतो. रेडिओ भंगारात काढायचाच असेल तर हा एक भाग वाचवावा. एसी/डीसी सेटमधलाही दोन गुंडाळ्या वेगळ्या असल्याने वापरता येतो. मात्र मेगरवर लावूनच, आणि गुणोत्तर मोजून. सेकंडरीला ६.३ व्होल्ट देऊन प्रायमरीवर किती येतात ते पाहिले की झाले. ८ ओहमच्या स्पीकरसाठी १६० च्या आसपास यावेत, ४ ओहमसाठी २२५ च्या आसपास. यूसीएल८२ साठी केलेल्याचे गुणोत्तर कमी निघू शकते. आणि हे दोनशे व्होल्ट उघड्या तारांवर आहेत याचे भान ठेवावे.

चासीसाठी १६ गेजचा अ‍ॅल्युमिनिअमचा पत्रा, २५० बाय १५० मिलिमीटर, ५० मिलिमीटर खोल. नऊ पिनांच्या व्हॉल्व्हसाठी चिनी मातीचे सॉकेट उत्तम. इनपुट एका टोकाला, त्याच्याजवळ ईसीसी८३, मग ईएल८४, मग आऊटपुट ट्रान्सफॉर्मर, आणि मेन्स दुसऱ्या टोकाला. दोन्ही ट्रान्सफॉर्मर एकमेकांशी काटकोनात. आऊटपुट ट्रान्सफॉर्मरसाठी पत्र्याला भोके पाडण्यापूर्वी एक युक्ती करावी. त्याच्या सेकंडरीला हेडफोन लावायचा, बाकी काही न जोडता फक्त मेन्स ट्रान्सफॉर्मर चालू करायचा, आणि आऊटपुट ट्रान्सफॉर्मर पत्र्यावर सरकवत, फिरवत जिथे गुणगुण ऐकू येईनाशी होते तिथे खूण करायची. नंतर हजार उपाय करूनही जी गुणगुण जात नाही, ती अशी पाच मिनिटांत टळते.

मेन्सची वायर तीन पिनांचीच. हिरवी अर्थची वायर चासीला स्वतंत्र बोल्टने, दातेरी वॉशर घालून. ट्रान्सफॉर्मरच्या बोल्टखाली नको, कारण तो ढिला होतो. फेजमध्ये आधी ५०० मिलिअ‍ॅम्पिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, मग दोन्ही वायरी तोडणारा स्विच. घरातले अर्थिंग खरे आहे का, तेही पाहावे लागते. शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत जुन्या वाड्यांतून तिसऱ्या भोकात वायरच नसते, असे आढळते. वायरमनकडून फेज ते अर्थ १०० वॅटचा बल्ब लावून तपासावे. तो न्यूट्रलवर पेटतो तितकाच लख्ख पेटला पाहिजे. घरात ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असेल तर या चाचणीत तो पडेल. पडला म्हणजे अर्थ जोडलेला आहे.

आरसीसीबीबद्दल एक गैरसमज आहे. तो मेन्सच्या बाजूचा झटका ओळखतो. ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडच्या २८० व्होल्टला एक हात आणि चासीला दुसरा हात लागला, तर फेज आणि न्यूट्रलचा प्रवाह समानच राहतो आणि आरसीसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर उघडा असताना एक हात खिशात.

आता सर्किट. २१० व्होल्टच्या सेकंडरीवर २५० मिलिअ‍ॅम्पिअरचा फ्यूज, मग १एन४००७ चे चार डायोड ब्रिजमध्ये. त्यावर १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा पहिला कंडेन्सर आणि त्याला समांतर २२० किलोओहम, १ वॅट. हा रोध बंद केल्यावर साठा रिकामा करण्यासाठी आहे, तो गाळू नका. ४०० व्होल्टचे कंडेन्सर स्वस्त मिळतात म्हणून घेऊ नका: रात्री मेन्स २४५-२५० वर गेला आणि व्हॉल्व्ह अजून तापलेले नसले, तर इथे ३५० च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. पुढे १५० ओहम, ५ वॅटचा रोध आणि दुसरा १०० मायक्रोफॅरड. इथून आऊटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, तिचे दुसरे टोक ईएल८४ च्या सातव्या पिनेला, म्हणजे प्लेटला. पुढे १ किलोओहम, २ वॅट आणि २२ मायक्रोफॅरड. इथून ४७० ओहम, १ वॅटमधून नवव्या पिनेला, म्हणजे स्क्रीनला. त्यापुढे १० किलोओहम, १ वॅट आणि आणखी एक २२ मायक्रोफॅरड, इथून ईसीसी८३.

पिना सॉकेटच्या खालून, मोठ्या फटीपासून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने मोजतात. वरून मोजल्यामुळे सगळे उलटे जोडले गेल्याचे प्रकार पुष्कळ पाहायला मिळतात.

इनपुट जॅकवर १ मेगओहम अर्थला. तिथून ६८ किलोओहम ईसीसी८३ च्या दुसऱ्या पिनेला, आणि हा रोध पिनेलाच चिकटून झाळायचा, जॅकजवळ नाही. तिसऱ्या पिनेवर १.५ किलोओहम अर्थला आणि त्याला समांतर २२ मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट. पहिल्या पिनेवर, म्हणजे प्लेटवर, १०० किलोओहम पुरवठ्याकडून. तिथून ०.०२२ मायक्रोफॅरडमधून १ मेगच्या लॉग व्हॉल्यूम कंट्रोलला, त्याच्या मधल्या टोकापासून सातव्या पिनेला. आठव्या पिनेवर १.५ किलोओहम अर्थला, इथे समांतर कंडेन्सर मुद्दाम घातलेला नाही, कारण तो घातला की आवाज आवरत नाही. सहाव्या पिनेवर, म्हणजे दुसऱ्या प्लेटवर, १०० किलोओहम पुरवठ्याकडून. तिथून पुन्हा ०.०२२ मायक्रोफॅरड, मग २२० किलोओहम अर्थला, आणि ४.७ किलोओहममधून ईएल८४ च्या दुसऱ्या पिनेला, म्हणजे ग्रिडला. टोन हवा असेल तर या २२० किलोओहमला समांतर ०.००२२ मायक्रोफॅरड आणि २५० किलोओहमचा कंट्रोल एकामागे एक. ईएल८४ च्या तिसऱ्या पिनेवर १८० ओहम, ५ वॅट आणि १०० मायक्रोफॅरड, २५ व्होल्ट, दोन्ही अर्थला.

व्हॉल्व्हच्या माहितीपत्रकात इथे १३५ ओहम दिलेले असते. त्या मूल्याला २५० व्होल्टवर प्लेटचे १२ वॅट पुरे भरतात आणि तीच कमाल मर्यादा आहे. आपल्याकडे संध्याकाळी मेन्स पडतो, मध्यरात्री चढतो. मर्यादेवर उभा असलेला व्हॉल्व्ह चढलेल्या मेन्सवर लवकर संपतो. १८० ओहम घातल्याने आवाजात कानाला जाणवेल असा फरक पडत नाही.

कपलिंगचे ०.०२२ चे कंडेन्सर ६३० व्होल्टचे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीन घ्यावेत. दुकानदार हिरवे छोटे कंडेन्सर पुढे करतो. ते बहुधा १०० व्होल्टचे असतात आणि इथे टिकत नाहीत. प्लेटचे १०० किलोओहम निदान अर्ध्या वॅटचे हवेत. पाव वॅटच्या रोधांना उष्णता सोसते, पण व्होल्टेज सोसत नाही. पुढे त्यातून चरचर येऊ लागते.

हीटरच्या तारा घट्ट पिळून, पत्र्याच्या कोपऱ्यातून न्याव्यात: ईएल८४ च्या चौथ्या-पाचव्या पिनेला, ईसीसी८३ ला चौथी व पाचवी एकत्र करून एक टोक, नववी पिन दुसरे टोक. मधला टॅप चासीला न जोडता ईएल८४ च्या तिसऱ्या पिनेला जोडला, तर हीटर सात-आठ व्होल्टने वर उचलले जातात आणि गुणगुण आणखी कमी होते. एका पैशाचा खर्च नाही. ब्रिजचे ऋण टोक आधी पहिल्या कंडेन्सरच्या ऋण टोकाला, तिथून पुढच्यांना, आणि हा सगळा अर्थ चासीला एकाच ठिकाणी, इनपुट जॅकजवळ. दोन ठिकाणी जोडला की चासीतून फिरणारा प्रवाह गुणगुणतो.

पहिल्यांदा चालू करताना मेन्समध्ये १०० वॅटचा फिलॅमेंटचा बल्ब सिरीजमध्ये घालावा आणि स्पीकर जोडलेला असावा. आधी व्हॉल्व्ह न बसवता: बल्ब क्षणभर उजळून विझला पाहिजे. तसाच पेटत राहिला तर बंद करा. डायोड उलटा, कंडेन्सर उलटा किंवा कुठे तरी शॉर्ट आहे. मग दोन्ही व्हॉल्व्ह बसवून अर्ध्या मिनिटाने मोजावे आणि सारे ठीक दिसले की बल्ब काढून पुन्हा मोजावे. पहिल्या कंडेन्सरवर २७५ च्या आसपास, दुसऱ्यावर दहाएक व्होल्ट कमी. ईसीसी८३ च्या पहिल्या आणि सहाव्या पिनेवर १४० ते १७०, तिसऱ्या आणि आठव्यावर १.१ ते १.५. ईएल८४ च्या तिसऱ्या पिनेवर साडेसात ते साडेआठ. हीटर ५.९ ते ६.७. मेन्स त्या वेळी किती आहे ते आधी लिहून ठेवा. २१५ वर असताना आकडे कमी आले म्हणून घाबरायचे कारण नाही.

ईएल८४ ची दुसरी पिन मात्र शून्यावर हवी. तिथे अर्धा व्होल्ट जरी धन दिसला, तर मागचा ०.०२२ चा कंडेन्सर गळतो आहे. प्लेट लालबुंद होते, व्हॉल्व्ह जातो, पाठोपाठ ट्रान्सफॉर्मर. रेडिओतून काढलेले मेणाचे आणि कागदाचे जुने कंडेन्सर इथे वापरण्याचा मोह होतो. ते ‘व्हिंटेज’ म्हणून मिरवतात आणि हमखास गळतात. जुन्या सेटमधून सॉकेट घ्या, नॉब घ्या, ट्रान्सफॉर्मर घ्या. कंडेन्सर एकही घेऊ नका.

गुणगुण आली तर आधी ती कोणती ते ऐकावे. जाड, गोल ५० हर्ट्झची असेल तर हीटरच्या तारा किंवा ट्रान्सफॉर्मरची जवळीक. थोडी तीक्ष्ण, १०० हर्ट्झची असेल तर फिल्टरचे कंडेन्सर किंवा अर्थची जोडणी. बंद करून ईसीसी८३ काढा, पुन्हा चालू करा. गुणगुण गेली तर दोष ईसीसी८३ च्या टप्प्यात, राहिली तर पॉवर सप्लायकडे. व्हॉल्यूम वाढवताना शिट्टी वाजू लागली, तर ईसीसी८३ च्या सहाव्या किंवा ईएल८४ च्या सातव्या पिनेची, म्हणजे प्लेटची, तार कुठल्या तरी ग्रिडच्या तारेजवळून गेली आहे. तारा दूर करा आणि इनपुटची तार जाळीची वापरा. ईसीसी८३ वर पेन्सिलीने हलके टकटक केल्यावर घंटेसारखा आवाज आला तर तो व्हॉल्व्ह पहिल्या जागेसाठी योग्य नाही.

स्पीकर जोडल्याशिवाय हा अ‍ॅम्प्लिफायर कधीही वाजवू नये. भार नसताना प्रायमरीवर प्रचंड व्होल्टेज उसळते आणि वाइंडिंगचे इन्सुलेशन फुटते. सेकंडरीवर २२० ओहम, ५ वॅटचा रोध कायमचा लावून ठेवावा. स्पीकरची वायर चुकून निघालीच, तरी तेवढा आधार राहतो.

होम थिएटरचा वूफर घेऊ नका. त्याची संवेदनशीलता कमी आणि वरचे स्वर गायब. पाच वॅट त्यात विरून जातात. ९७ डेसिबल संवेदनशीलतेचा स्पीकर ९० च्या स्पीकरपेक्षा तेवढ्याच आवाजाला एक पंचमांश पॉवर घेतो, म्हणजे पैसे व्हॉल्व्हवर घालण्यापेक्षा स्पीकरवर घातलेले बरे. गिटारचा खास स्पीकर परवडत नसेल तर मंडळांच्या डॉल्बीवाल्यांकडे बदलून काढलेले कागदी कोनचे १० किंवा १२ इंची मिड स्पीकर पडून असतात, ते पाहावेत. कोन हाताने हलके दाबून पाहावा. घासल्याचा आवाज आला तर कॉइल वाकडी आहे. १८ मिलिमीटरच्या प्लायचे, मागून अर्धे उघडे खोके पुरते, पण चासीच्या मागे जाळी हवीच. ईएल८४ हात भाजेल इतका तापतो आणि घरात लहान मुले असतात.

बंद केल्यावर लगेच आत हात घालू नये. २२० किलोओहमचा रोध आहे, तरी ३० व्होल्टच्या खाली यायला दोन मिनिटे लागतात. स्क्रू-ड्रायव्हरने ठिणगी पाडून कंडेन्सर रिकामा करण्याची सवय वाईट. कंडेन्सरही खराब होतो आणि डोळ्यांत वितळलेला धातू उडू शकतो. ४.७ किलोओहम, ५ वॅटच्या रोधाला दोन क्लिपा लावून त्याने रिकामा करावा, मग मीटरने पाहावे आणि मगच हात घालावा.

आपल्या वृत्तपत्राद्वारे दोन विनंत्या. कोल्हापुरातल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या वीज प्रयोगशाळांत मेगर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि सिरीज बल्बचे बोर्ड असतात. महिन्यातून एका शनिवारी, शिक्षकांच्या देखरेखीखाली, बाहेरच्या मुलांना आपापला अ‍ॅम्प्लिफायर आणून पहिली चाचणी तिथे घेऊ द्यावी. आणि उद्यमनगरातल्या वाइंडिंगवाल्या बंधूंनी एखादा मुलगा हे आकडे घेऊन दारात आला, तर काम लहान म्हणून परत पाठवू नये. पैसे रास्त घ्यावेत, पण मेगर त्याला स्वतःला फिरवू द्यावा.

ज्यांच्या घरी रेडिओचा असा अ‍ॅम्प्लिफायर आधीच वाजतो आहे त्यांनी आजच प्लग काढून, बटण चालू ठेवून, वर सांगितल्याप्रमाणे पिना ते चासी मोजावे. मीटर नसेल तर तोपर्यंत गिटार त्याला लावू नये.

आपले,
रेडिओ दुरुस्ती व वाइंडिंगच्या कामातील काही वाचक,
कोल्हापूर